वजनाचा काटा कोणाच्या हातात?



गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी आम्ही बायकांसाठी आरोग्य शिबिर घेतले. शाळेची एक खोली, दोन सतरंज्या, रक्तदाब बघायचे यंत्र आणि अंगणवाडीतून मागून आणलेला वजनकाटा, एवढाच सरंजाम. काटा जमिनीवर ठेवला आणि खोलीतली हवाच बदलली. दोघीतिघी हसत हसत मागे सरकल्या. एकीने चपला काढल्या, मग हातातल्या पाटल्या काढू लागली. "ताई, आकडा मोठ्यानं नका हं वाचू," अशी दुसरीने आधीच अट घातली. लग्नाच्या वयाच्या दोन मुली तर काट्याकडे पाठ करून बसल्या.

तेवढ्यात पन्नाशीला टेकलेल्या एक मावशी पुढे आल्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करणाऱ्या. सरळ काट्यावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वजनाचं राहू द्या हो ताई, ते मला ठाऊक आहे. लेक रोज ऐकवते. माझ्या डोक्याचं काही बघता येतं का? गॅसवर दूध ठेवते आणि दारात कोणी आलं की विसरून जाते. परवा पोरांच्या खिचडीत मीठ दोनदा पडलं. आमच्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं, म्हणून भ्या वाटतं."

मी काय उत्तर दिले? "मावशी, वय होतंय, ताण फार घेता तुम्ही. होतं असं." आणि वहीत लिहिले : वजन ७४ किलो, रक्तदाब वाढलेला. पुढे सरकारी दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा साखरही वाढलेली निघाली. वजनाचे आणि डोक्याचे, दोन्ही गाऱ्हाणी त्यांनी एका दमात माझ्यापुढे ठेवली होती. मी एकाची नोंद केली आणि दुसऱ्याची समजूत घातली. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे माझ्या मनातही आले नाही. या अंकाचे संपादकीय लिहायला बसले ते या चुकीची टोचणी मनात ठेवूनच.

वजन या विषयापासून आपण, म्हणजे स्त्री संघटनांनी, नेहमीच थोडे अंतर राखले आहे. त्याला कारणही तसेच आहे. वजनाच्या नावाखाली बायकांचा जो अपमान होतो तो आपण रोज बघतो. 'मुलगी जरा जाड आहे' म्हणून स्थळ परत जाते, नाहीतर हुंड्याचा आकडा वर जातो. बाळंतपणानंतर सुटलेल्या बायकोला नवरा चारचौघांत टोमणे मारतो. सल्ला केंद्रात आलेल्या कितीतरी बायकांनी हे सांगताना मार खाल्ल्याचे सांगताना रडल्या नसतील एवढे डोळे टिपले आहेत. १९९६ साली बंगळूरला 'मिस वर्ल्ड' स्पर्धा भरली तेव्हा अनेक स्त्री संघटनांनी तिला विरोध केला. मी तेव्हा लहान होते, पण त्या लढ्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींकडून मी शिकले की बाईचे शरीर ही प्रदर्शनात मांडायची वस्तू नव्हे आणि तिच्या कमरेचे माप ठरवण्याचा अधिकार बाजाराला नाही. ती भूमिका बरोबरच होती, आजही आहे.

समाजकार्याच्या शिक्षणातही वजन म्हणजे 'कमी वजन' एवढेच मला शिकवले गेले. बालकांचा वाढीचा तक्ता, गरोदर बाईचे वजन, रक्तातले हिमोग्लोबिन. तेही बरोबरच होते. पण या दोन बरोबर गोष्टींच्या मधे चाळिशी-पन्नाशीची एक बाई सुटून गेली. तिच्या वाढत्या वजनाबद्दल बोलायचे काम आपण सौंदर्याच्या दुकानदारांवर सोडून दिले. ते तिच्याशी आरशाबद्दल बोलतात. तिच्या मेंदूबद्दल तिच्याशी कोण बोलणार?

म्हातारपणी विसरणे हा आपल्याकडे आजार मानलाच जात नाही. 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. आठवण जाते, मग शब्द सापडेनासे होतात, घरचा रस्ता हरवतो, शेवटी घास तोंडात घालायचेही भान राहत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना हा आजार आहे, म्हणजे शंभरात सात-साडेसात जणांना. त्यातही पुरुषांत हे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास, तर स्त्रियांत नऊ. शहरापेक्षा खेड्यात जास्त, शिकलेल्यांपेक्षा शाळेचे तोंड न पाहिलेल्यांत जास्त. म्हणजे ज्या बायकांत आपण काम करतो, त्यांच्याच पदरात हा आजार अधिक पडतो आहे.

याचा वजनाशी काय संबंध? तो कळायला फार वेळ लागला, कारण त्यासाठी माणसांकडे तीस तीस वर्षे लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९६४ ते १९७३ या काळात दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची आरोग्य तपासणी झाली होती. ते तेव्हा चाळीस ते पंचेचाळीस वर्षांचे होते. पुढे १९९४ ते २००३ या काळात त्यांच्यापैकी कोणाकोणाला स्मृतिभ्रंश झाला ते बघितले. २००५ साली आलेला निष्कर्ष असा की, चाळिशीत लठ्ठ असलेल्यांना बेताच्या वजनाच्या माणसांपेक्षा हा आजार होण्याची शक्यता ७४ टक्क्यांनी जास्त होती, आणि थोडे जादा वजन असलेल्यांना ३५ टक्क्यांनी.

नंतर ब्रिटनमध्ये फक्त स्त्रियांचा, तोही दहा लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. १९९६ ते २००१ या काळात त्यांची नावे नोंदवली तेव्हा त्यांचे सरासरी वय ५६ होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लठ्ठ स्त्रियांना स्मृतिभ्रंशाचा धोका २१ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि हा फरक दिसला तो पंधरा वर्षे उलटून गेल्यानंतरच्या काळात. टक्क्यांनी घाबरून जाऊ नका. शंभर जणींपैकी दहा जणींना होणारा आजार बारा जणींना होईल, एवढा या २१ टक्क्यांचा अर्थ. जाड बाईला स्मृतिभ्रंश होणारच असे कोणीही म्हणत नाही, आणि बारीक बाईला होणार नाही असेही नाही. पण पंधरा-वीस वर्षे आधी दिसणारी आणि थोडीफार आपल्या हातात असलेली एक खूण म्हणून तिच्याकडे बघायला हवे.

पोटावरची चरबी डोक्यापर्यंत पोचते कशी, हेही साध्या शब्दांत समजून घेऊ. आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीरात येणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. तो पोचवणाऱ्या रक्तवाहिन्यांचे जाळे केसासारखे बारीक असते. पोटात, आतड्यांच्या आणि यकृताच्या भोवती साठणारी चरबी नुसती पडून राहत नाही. ती रक्तात अशी द्रव्ये सोडते की अंगात सतत बारीक दाह चालू राहतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, साखर वाढते, रक्तदाब वाढतो. या सगळ्याचा मार शेवटी त्या बारीक वाहिन्यांवर बसतो. त्या कडक होतात, अरुंद होतात, एखादी बंद पडते आणि आपल्याला कळतही नाही. वर्षानुवर्षे असे होत राहिले की मेंदूचा तेवढा तेवढा भाग उपाशी राहतो.

आणखी एक वाट झोपेची. गळ्याभोवती चरबी वाढली की झोपेत श्वासाची वाट बंद होते, काही क्षण श्वास थांबतो, मग दचकून पुन्हा सुरू होतो. रात्रीतून असे कितीतरी वेळा. बाई मोठ्याने घोरते म्हणजे गाढ झोपली आहे असे घरातल्यांना वाटते. प्रत्यक्षात तिला झोपच मिळत नसते आणि मेंदूला प्राणवायू कमी पडत असतो. बायकांनी घोरणे ही आपल्याकडे चेष्टेची गोष्ट, म्हणून ती डॉक्टरांना कधी सांगतच नाही.

पाळी जाण्याच्या वयात तर हे सगळे एकदम येऊन कोसळते. इस्ट्रोजेन कमी होते आणि आजवर मांड्यांवर, नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. खाणेपिणे तेच, काम तेवढेच, तरी लुगडे नेसताना निऱ्या कमी पडायला लागतात. त्यात बाईचा 'आळस' नसतो.

मात्र एवढे सांगून थांबले तर मी अर्धेच सांगितल्यासारखे होईल. कारण नाण्याची दुसरी बाजू आपल्या कामाच्या दृष्टीने जास्तच महत्त्वाची आहे.

२०१५ साली ब्रिटनमधल्या सुमारे वीस लाख लोकांच्या नोंदींवरून उलटाच निष्कर्ष आला होता. फार कमी वजनाच्या माणसांना स्मृतिभ्रंश जास्त, जाड माणसांना कमी! पुढे, २०१८ मध्ये तेरा लाख लोकांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हा उलगडा झाला. वजन वीस वर्षे आधी मोजलेले असेल तर जादा वजनाच्या माणसांना धोका जास्त दिसतो. आजाराच्या अगोदरच्या दहा वर्षांत मोजलेले असेल तर कमी वजनाच्यांना जास्त दिसतो. म्हणजे आजार आतल्या आत सुरू झाला की माणूस बारीक होत जातो, आणि आपण त्या बारीकपणालाच कारण समजतो. यातून आपण लक्षात ठेवायची गोष्ट अशी : साठी-सत्तरीच्या बाईचे वजन काही प्रयत्न न करता उतरू लागले तर 'बरं झालं, हलकी झाली' म्हणू नका. तिला दवाखान्यात न्या. आणि म्हाताऱ्या बाईला उपाशी ठेवून बारीक करण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नका.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातलीच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. त्या बायकांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन होते ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोने हलकी. पण या बारक्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र मानाने जास्त होती. डोळ्यांना दिसायला कृश, आतून स्थूल. पोटात असताना उपासमार झालेले हे शरीर पुढे जराशा जादा अन्नानेही मधुमेहाकडे झुकते. म्हणजे आज पन्नाशीत जिचे पोट सुटले आहे, तिच्या दुखण्याची मुळे तिच्या आईच्या रिकाम्या पोटात असू शकतात. कुपोषण आणि लठ्ठपणा या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत असे समजून आपण दोन वेगळ्या फायली केल्या. बाईच्या शरीरात मात्र ती एकच फाइल आहे.

आकडेही तेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के जादा वजनाच्या होत्या आणि १८.७ टक्के फार कमी वजनाच्या. ५७ टक्क्यांना रक्तक्षय होता. त्याच पाहणीत कमरेचा घेर मोजला तेव्हा ४० टक्के स्त्रियांच्या पोटावर चरबी जास्त निघाली. पुरुषांमध्ये हेच प्रमाण १२ टक्के. काट्यावर २४ आणि टेपवर ४०! म्हणजे काटा ज्यांना 'ठीक' म्हणून सोडून देतो त्यांच्यातल्या कितीतरी जणी ठीक नाहीत.

काट्याची ही मर्यादा समजून घेतली पाहिजे. डॉक्टर ज्याला बीएमआय म्हणतात, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, त्याचा हिशेब १८३० च्या दशकात बेल्जियममधल्या केतले नावाच्या गणितज्ञाने मांडला. 'सरासरी माणूस' कसा असतो ते त्याला शोधायचे होते, कोणाचे आरोग्य तपासायचे नव्हते. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसल कीज यांनी या मापाला आजचे नाव दिले, तेही फक्त पुरुषांच्या मोजमापांवरून. आपल्या लोकांसाठी यातली मर्यादा खाली आणून २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. तरीही चरबी कुठे आहे ते हा आकडा सांगत नाही. म्हणून २०२५ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांच्या गटानेही सांगितले की केवळ बीएमआयवरून कोणाला लठ्ठ ठरवू नका, कमरेचेही माप घ्या आणि त्या वजनाने शरीराच्या कामात काही बिघाड झाला आहे का ते बघा.

आपल्या बैठकीत तर टेपसुद्धा लागत नाही. एक सुतळी घ्या. टाचेपासून डोक्यापर्यंत उंचीएवढी कापा. ती मधोमध दुमडा आणि कमरेभोवती फिरवा, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मधे. परकराच्या नाडीवरून नव्हे. पोट आत न ओढता सुतळीची टोके एकमेकांना लागली तर बरे. लागली नाहीत, तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्यायची वेळ झाली असे समजा. आकडा नाही, मोठ्याने वाचणे नाही, लाज नाही. जिची सुतळी तिच्याच हातात.

आता मूळ प्रश्नाकडे येते. बाईचे पोट सुटते का? 'खाते फार आणि हलत नाही' हे उत्तर घरोघरी तयार असते. आपल्या ओळखीच्या एखादीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी चहाबरोबर बिस्कीट किंवा खारी, कारण भाकरी आधी डब्यात भरायची असते. दुपारी उरलेला भात. 'टाकायचं कसं' म्हणून मुलांच्या ताटातले उष्टे. रात्री सगळ्यांचे झाल्यावर साडेदहाला जेवण, त्यात भाजी तळाशी गेलेली आणि डाळ पातळ. आठवड्यातून दोन उपास, आणि उपासाला साबुदाणा नि तळलेले पापड. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, पण डाळ, भाजी, अंडे, दूध विकत घ्यावे लागते. ते आणले तरी त्यातला तिचा वाटा शेवटचा. पोट भरते, पोषण होत नाही.

आणि 'हलत नाही' म्हणायचे? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषाची ८८. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांना पुरेसा व्यायाम मिळत नव्हता, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के. विरोधाभास वाटेल, पण नाही. ओट्याशी तासन्‌तास उभे राहणे, वाकणे, बसून निवडणे-टिपणे यांनी कंबर मोडते, पाय सुजतात. पण भरभर चालल्याने छाती जशी भरून येते, तशी त्यांनी येत नाही. मग त्या बाईला चालायला सांगायचे, तर कुठे चालायचे? गावाबाहेरच्या रस्त्याला दिवे नाहीत. शहरात मैदान आहे, ते पोरांच्या क्रिकेटला. आणि पन्नाशीची बाई काहीही काम नसताना संध्याकाळी नुसती चालायला निघाली तर शेजारीण विचारते, "कुठं निघालात?"

मनाचाही यात मोठा भाग आहे. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसले की लठ्ठ माणसांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त असते, आणि नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी. वाट दोन्हीकडून येते-जाते. आणि नैराश्य हाही स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या गोष्टींपैकी एक. म्हणून रोजच्या जेवणात 'किती खातेस' म्हणून टोमणा मारणारे घर तिचे वजन कमी करत नाही. तिचे वजनही वाढवते आणि तिच्या डोक्यावरचा धोकाही.

बाजाराला यातले काही नको असते. त्याला तिची लाज तेवढी हवी असते. पावडरी झाल्या, पट्टे झाले, आता इंजेक्शने आली आहेत. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी औषधे आपल्याकडेही मिळू लागली. मधुमेहाच्या आणि अतिस्थूल रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो, तो नाकारण्याचे कारण नाही. पण ती मेंदूचे रक्षण करतील अशी आशा कोणी विकू लागले तर सावध राहा. त्यांच्यापैकी सेमाग्लुटाइड हे औषध सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिले, पण त्याने आजाराची वाटचाल मंदावली नाही, असे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले.

खरे तर एकट्या वजनाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये सांगितले की, स्मृतिभ्रंशाच्या जवळजवळ ४५ टक्के घटना बदलता येण्याजोग्या चौदा कारणांशी निगडित आहेत. त्यात मध्यम वयातला लठ्ठपणा आहे, पण त्याचा एकट्याचा वाटा लहान आहे. त्याच्या सख्ख्या बहिणी, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि व्यायामाचा अभाव, याही त्या यादीत आहेत. आणि उरलेली कारणे वाचा : कमी शिक्षण, बहिरेपण, अधू नजर, नैराश्य, एकटेपण, डोक्याला मार, हवेचे प्रदूषण, तंबाखूचा धूर, दारू. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. शाळा सोडायला लावलेली मुलगी, चुलीच्या धुरात बसलेली बाई, नवऱ्याने डोके भिंतीवर आपटलेली बाई, माणसांत जायला बंदी असलेली बाई. ही तर आपल्याच कामाची यादी! १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, ती आजच्या भाषेत मेंदूच्या आरोग्याचीही मोहीम होती असे म्हटले तर चूक होणार नाही.

आणि आजार झाल्यावर तो निस्तरतो कोण? स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या सेवेचे ७० टक्के तास जगभर बायकाच देतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सून, लेक, बायको. शिबिरातल्या त्या मावशींनीही सासूबाईंचे सहा वर्षे केले. रात्री चारचार वेळा उठून. झोप मोडलेली, जेवणाला वेळ नाही, घराबाहेर पडणे बंद. त्याच वर्षांत त्यांचे वजन वाढले, त्याच वर्षांत रक्तदाब. एका बाईचा आजार दुसऱ्या बाईच्या अंगात असा हळूहळू शिरतो, आणि आपण त्याला घराण्याचा वारसा म्हणतो.

मग करायचे काय? फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १२६० लोकांबरोबर दोन वर्षे एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. चांगला आहार, व्यायाम, डोक्याला चालना देणारे काम आणि रक्तदाब-साखरेवर नजर हे सगळे एकत्र केलेल्यांची बुद्धी दुसऱ्या गटापेक्षा जास्त तल्लख राहिली. एकेकीला उपदेश करून हे व्हायचे नाही. गट लागतो. आणि गट तर आपल्याकडे गावोगावी आहेत.

म्हणून काही गोष्टी सुचवते. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर सुतळी ठेवा आणि चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकीचा रक्तदाब नि साखर वर्षातून एकदा तपासली जाईल असे बघा. आरोग्य उपकेंद्रात या तपासण्या मोफत व्हायला हव्यात. होत नसतील तर सगळ्यांनी मिळून जाऊन विचारा. आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी दहा-बारा जणींनी मिळून भरभर चाला. एकटीला 'कुठं निघालात' विचारणारे गाव दहा जणींना विचारत नाही. ग्रामसभेत रस्त्यावरच्या दिव्यांची आणि मैदानात बायकांसाठी राखीव वेळेची मागणी करा. घरात सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचे, ही जुनी मागणी पुन्हा नव्याने लावून धरा. डाळ आणि भाजी सर्वांच्या ताटात एकदम पडली पाहिजे. ज्येष्ठ बायकांना चष्मा आणि कानाचे यंत्र मिळवून द्यायला मदत करा. ऐकू येत नाही म्हणून बैठकीला न येणारी म्हातारी एकटी पडते, आणि एकटेपण मेंदूला पोखरते. जिच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे तिला आठवड्यातून एक दुपार सुट्टी मिळावी म्हणून आळीपाळीने जाऊन बसा. आणि बैठकीत कोणाच्या जाडीवर विनोद झाला, तर तो तिथेच थांबवा.

एक खुलासा मात्र करायलाच हवा. चाळिशी-पन्नाशीत विसरायला होते ते बहुतेक वेळा स्मृतिभ्रंशाचे लक्षण नसते. झोप नाही, पाळी जाण्याचा काळ आहे, थायरॉइड कमी आहे, रक्त कमी आहे, ब-१२ जीवनसत्त्व कमी आहे, मन खचलेले आहे, अशी किती तरी कारणे असतात आणि त्यांवर उपचार होतात. म्हणूनच 'वय झालं' हे उत्तर चुकीचे आहे. ते तपासणीचा रस्ताच बंद करते.

मीही तेच उत्तर दिले होते. महिन्याभराने मी त्या मावशींकडे पुन्हा गेले. त्यांची क्षमा मागितली. त्या हसल्या. "अहो ताई, तुम्ही निदान परत आलात," म्हणाल्या. त्यांची तपासणी झाली, थायरॉइडही कमी निघाले, औषधे सुरू झाली. वजन अजून फारसे उतरलेले नाही आणि त्याबद्दल मी विचारतही नाही. त्या आता शेजारच्या चार जणींना घेऊन संध्याकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जातात. दुधाची मात्र त्यांनी त्यांची स्वतःची युक्ती काढली आहे. गॅस पेटवला की हाताच्या बांगडीला रुमाल बांधायचा, आणि बंद केला की सोडायचा.

तुमच्या गटात वजनाबद्दल कशी बोलणी होतात? सुतळीचा प्रयोग करून बघितलात तर काय अनुभव आला? घरातल्या विसरत चाललेल्या माणसाला सांभाळताना तुमच्यापैकी कोणी काय काय केले? जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवतो आहोत.

आपली,
संपादक मंडळाच्या वतीने